जेम्स विल्सनला अमेरिका विसरली, हा अन्यायच आहे

धागाकर्ता:
१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्हींवर सही करणारे फक्त सहाजण. पेनसिल्व्हेनियात वकिली करणारा, मूळचा स्कॉटिश जेम्स विल्सन त्यातला एक. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, हे घटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्याने लावून धरलं. १७९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून ‘चिस्होम विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात त्याने राज्यालाही नागरिकापुढे उत्तरदायी ठरवलं. तरी जाहीरनाम्याचा लेखक जेफरसन, घटनेचा शिल्पकार मॅडिसन घरोघरी माहीत आणि हा कुणाच्या गावीही नाही. तो कर्जात बुडून मेला, एवढ्यानं त्याचं काम पुसलं जावं?

प्रतिसाद १:
कर्ज सोडा. ११ जून १७८७ ला त्याच अधिवेशनात, संसदेतल्या राज्यांच्या प्रतिनिधित्वासाठी गुलामांना तीन-पंचमांश, म्हणजे पाच गुलामांना तीन माणसं, मोजण्याचा प्रस्ताव कुणी मांडला? तुमच्याच विल्सनने! ज्यांना मत नाही, त्यांच्या डोक्यांवर त्यांच्या मालकांना जास्त जागा मिळाल्या. लोकांच्या सार्वभौमत्वाच्या गप्पा मारणाऱ्याने हे करावं? माझ्या लेखी हा डाग धुतला जात नाही.

प्रतिसाद २:
अहो, ते प्रमाण त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. १७८३ मध्ये राज्यांनी केंद्राला द्यायच्या वर्गणीचा, म्हणजे कराचा, हिशेब ठरवताना काँग्रेसमध्येच, म्हणजे तिथल्या संसदेतच, ते पुढे आलं होतं. शिवाय घटनेला मंजुरी देण्यासाठी भरलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या परिषदेत त्याने सांगितलं होतं की १८०८ नंतर गुलामांची आयात थांबवता येईल, आणि गुलामगिरी संपवण्याचा पाया यातूनच घातला जाईल.

प्रतिसाद १:
आयात थांबली, गुलामगिरी कुठे संपली? १८६५ उजाडावं लागलं. आणि करासाठी काढलेलं प्रमाण जागांच्या वाटपाला लावणं ही वेगळी गोष्ट आहे, वकिलाला ती कळत नव्हती असं मी मानणार नाही.

धागाकर्ता:
हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मूळ लेखात मी तीन-पंचमांशाचा उल्लेखच टाळला, ते चुकलं. पण पाठ्यपुस्तकांनी त्याला गाळलं ते या कारणानं नव्हे. मॅडिसन आणि जेफरसन तर गुलामांचे मालक होते, त्यांना कुणी गाळलं नाही. विल्सन जमिनींच्या सट्ट्यात बुडाला, न्यायाधीशपदावर असतानाच न्यू जर्सीत बर्लिंग्टनच्या तुरुंगात गेला. पुढे उत्तर कॅरोलायनात त्याला पुन्हा कैद घडवली ती पिअर्स बटलरने, म्हणजे घटनेवर त्याच्याबरोबर सही करणाऱ्यानेच. १७९८ मध्ये तिथल्याच ईडन्टन गावी तो वारला. त्याचे अवशेष फिलाडेल्फियात आणायला १९०६ उजाडलं.

प्रतिसाद १:
मग त्याचा धडा पुस्तकात घाला, माझी हरकत नाही. फक्त ११ जूनची तारीख त्यात पहिल्याच पानावर हवी.