जुन्या नाट्यगृहांचं जतन: आतली सजावट पहिल्या रूपात आणावी का?

वर्ख (धागाकर्ती)

मी इंटिरिअर डिझायनर आहे आणि सध्या जवळजवळ सगळं काम जुन्या नाट्यगृहांचंच करते. माझं मत सरळ सांगते. नाट्यगृह वाचवायचं तर आधी त्याचं अंतरंग वाचवा, आणि ते ज्या रूपात पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आलं त्या रूपात परत आणा. बाहेरची भिंत ठेवून आत नवंकोरं सभागृह उभं करायचं आणि त्याला जतन म्हणायचं, हे मला मुळीच पटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली एका हॉटेलसाठी मोरोस्को, हेलन हेज, बिजू अशी नाट्यगृहं पाडली गेली. मोठा विरोध झाला, पण ती वाचली नाहीत. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रॉडवेच्या अनेक नाट्यगृहांच्या अंतर्भागाला वारसा म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. असं संरक्षण फार थोड्या ठिकाणी आहे.

"मूळ रंग कशावरून ठरवता?" असं हमखास विचारलं जातं. अंदाजाने ठरवत नाही. भिंतीवरचा नखाएवढा रंगाचा पापुद्रा काढून रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवतात, कडेने घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मग वरचं इमल्शन, त्याखालचा ऑइल पेंट, तळाशी डिस्टेंपर, असे थर ओळीने दिसतात. दोन थरांमध्ये काजळीची जाड काळी रेघ असेल तर खालचा रंग बरीच वर्षं उघडा होता असं समजायचं. सोनेरी कामातही फरक कळतो. खरा वर्ख शंभर वर्षांनीही पिवळाच राहतो. नंतर कुणी वरून फासलेली ब्राँझ पावडर काळपट पडते. एवढा पुरावा हातात असताना भिंती स्वतःच्या आवडीने रंगवणं मला चूक वाटतं.

स्पॉटलाइट

असहमत. पहिलं रूप म्हणजे नेमकं कोणतं? लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये उघडलं. संपूर्ण इमारतीत विजेचे दिवे असलेलं जगातलं ते पहिलं सार्वजनिक ठिकाण मानलं जातं. १९२९ मध्ये ते आतून पूर्ण बदललं आणि बेसिल आयोनिडिस या सजावटकाराने आर्ट डेको (त्या काळातली भौमितिक नक्षीची शैली) सजावट केली. १९९० मध्ये डागडुजी चालू असताना आग लागली, आणि १९९३ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा १९२९ चं रूप जसंच्या तसं उभं केलेलं होतं. तुमच्या नियमाने १८८१ चं करायला हवं होतं!

वर्ख

@स्पॉटलाइट, १८८१ चं अंतरंग १९२९ मध्येच गेलं होतं. आग लागली तेव्हा जे जळलं ते परत आणलं, आणि तेही अंदाजाने नव्हे, कागदोपत्री पुरावा बघून. व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६ मध्ये जळलं आणि 'जसं होतं तसं, जिथे होतं तिथे' या भूमिकेतून २००३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. १९५४ साली आलेल्या एका चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं होतं, त्यातली दृश्यंसुद्धा तपशील ठरवायला वापरली. पुरावा असेल तितकं पहिलं रूप, असं माझं म्हणणं समजा.

तिसरी घंटा

मी प्रेक्षकांची व्यवस्था बघते, त्यामुळे मला हे वाचून राग आला. पहिलं रूप हवं ना? एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नाट्यगृहांत वरच्या गॅलरीला वेगळं दार आणि वेगळा जिना असायचा, तोही मागच्या गल्लीतून. स्वस्त तिकीटवाल्यांची गाठ खालच्या श्रीमंतांशी पडू नये म्हणून. बसायला पाठ नसलेले बाक. व्हीलचेअरवरचा माणूस तर हिशोबातच नव्हता. हे सगळं परत आणणार का? बायकांच्या स्वच्छतागृहापुढची मध्यंतरातली रांग एकदा बघा आणि मग वर्खाचं बोला.

विंगेतून

खुर्च्यांबद्दल एक. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्दच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मांडल्या आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद घुमणारा आवाज गाद्या वाढवत नेल्या तसा लवकर विरत गेला. ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला!

म्हणून खुर्च्या बदला, पण कापड आणि भरणा मोजून बदला. लाकडी बाक काढून जाड फोमच्या खुर्च्या टाकल्या की नटाला घसा ताणावा लागतो, आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी माइक लावतो. इथे मी धागाकर्तीच्या बाजूने आहे.

मापटेप

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. सजावटवाल्यांशी माझं भांडण छतावरून आहे. १९ डिसेंबर २०१३ ला लंडनच्या अपोलो नाट्यगृहात प्रयोग चालू असताना छताचं प्लास्टर कोसळलं आणि सत्तरहून अधिक माणसं जखमी झाली. इमारत १९०१ ची. नक्षीदार प्लास्टर वरच्या लाकडाला टांगायला तरटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून बांधल्या होत्या, आणि त्या कुजल्या होत्या. खालून बघणाऱ्याला नक्षी अगदी सुरेख दिसत होती.

आणि शिकागोचं इरोक्वॉय नाट्यगृह? डिसेंबर १९०३ मध्ये, उघडून जेमतेम महिना झाला असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बाहेर पडायची काही दारं शोभेच्या पडद्यांमागे झाकलेली होती. म्हणून सजावटीला पहिला मान द्यायला माझा ठाम विरोध आहे. आधी माळ्यावर चढून प्रत्येक बांधणी हाताने तपासा, रंगाचा पापुद्रा नंतर काढा.

वर्ख

@मापटेप, छताच्या वर स्टेनलेस स्टीलच्या तारा घालायला माझी कधीच हरकत नसते. तारा घातल्या तरच नक्षी टिकेल. दारावर पडदा नको, हेही शंभर टक्के मान्य.

@तिसरी घंटा, गॅलरीवाल्यांना मुख्य दारातून आत आणा, नक्की आणा. लिफ्ट घाला, स्वच्छतागृहं वाढवा. त्यासाठी जागा मात्र मागच्या बाजूला शोधा. बॉक्स (बाजूचे खासगी सज्जे) तोडून किंवा प्रेक्षागृहाची वक्र भिंत कापून ती काढू नका. गेलेलं कोरीवकाम हजार फोटो असले तरी त्याच हाताचं होत नाही.

स्पॉटलाइट

तरीही माझा विरोध कायम. स्वीडनमधलं ड्रॉटनिंगहोल्म बघा. १७६६ चं नाट्यगृह, १७९२ मध्ये राजाची हत्या झाल्यावर विस्मरणात गेलं आणि १९२१ मध्ये पुन्हा सापडलं. पडदे सरकवणारी लाकडी यंत्रं अजून हातानेच फिरवतात. तिथे फिकट पडलेल्या भिंती फिकटच ठेवल्या आहेत. नवा वर्ख चढवला नाही म्हणून ते कुठे कमी पडलं?

वर्ख

ते शतकाहून जास्त काळ बंद होतं, म्हणून त्यावर कुणी इमल्शन फासलं नाही. आजही तिथे प्रयोग फक्त उन्हाळ्यात होतात. रोज दोन प्रयोग होणाऱ्या ठिकाणी दर काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो. मग कोणता द्यायचा ते ठरवावंच लागतं, आणि मी तळाचा थर बघून ठरवते.

स्पॉटलाइट

ठरवा, पण गॅसच्या पिवळ्या उजेडासाठी निवडलेला तो रंग पांढऱ्या एलईडीखाली दाखवून "हेच मूळ" म्हणू नका. आधी प्रेक्षागृहातले दिवे २७०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणा, ते मंद करून बघा, आणि नमुन्याची पट्टी त्या उजेडात लावा. एवढं केलंत तर पुढची चर्चा करू.