मदत हवी आहे: मूळ यूबी४०चं लाइव्ह कुठलं ऐकू?

मंडळी, बर्मिंगहॅमच्या यूबी४० या रेगे (जमैकातून आलेलं संगीत) बँडबद्दल गोंधळ झालाय. १९७८ मध्ये बेकार पोरांनी बँड काढला, नाव घेतलं थेट बेकारभत्त्याच्या फॉर्मचं. १९८०च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवरही तो पिवळा फॉर्मच आहे (डोकं भारी!). २००८ मध्ये गायक अली कॅम्पबेल बाहेर पडला, त्याच्या जागी भाऊ डंकन आला. दुसरा भाऊ रॉबिन होताच. २०१३ मध्ये बँडमधलाच गायक अ‍ॅस्ट्रो अलीच्या गोटात गेला. आता नाव एक, बँड दोन. अस्सल भाऊबंदकी! अ‍ॅपवर शोधलं की सगळी खिचडी समोर येते.

मला अलीचा आवाज आणि ब्रायन ट्रॅव्हर्सचा सॅक्सोफोन एकत्र हवाय, म्हणजे २००८ च्या आधीचं. त्यातलं चांगलं लाइव्ह रेकॉर्डिंग कुठलं? आणि डंकनचं काही ऐकण्यासारखं आहे का?