सुडोचे नियम सर्व्हरवर ठेवायचे की प्रत्येक मशीनवर?

कृष्णाकाठ
सांगलीतल्या कॉलेज लॅब, कुपवाड एमआयडीसीतली ऑफिसं, अशा ३०-५० लिनक्स मशीनच्या नेटवर्कबद्दल बोलतोय. लॉगिन फ्रीआयपीएवर (सगळ्या मशीनची खाती एका जागी सांभाळणारा सर्व्हर) असावं यात वाद नाही. पण सुडोचे नियमही (कोणी कोणत्या कमांड रूटच्या, म्हणजे पूर्ण ताब्याच्या, हक्काने चालवायच्या ते) तिथेच ठेवायला माझा ठाम विरोध आहे. माणसं आणि गट सर्व्हरवर राहू द्या, नियम सुडोअर्स.डी फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये लिहा, अन्सिबलने (अनेक मशीनवर एकदम बदल करणारं साधन) पाठवा, व्हीसुडोने (सुडोच्या फाईलमधली चूक पकडणारी कमांड) तपासल्याशिवाय जागेवर ठेवू नका. बिघाड झाला तर एकच फाईल वाचायची. एसएसएसडीच्या (सर्व्हरवरची खाती आणि नियम मशीनपर्यंत आणणारी सेवा) वाटेवर पाणी कुठे मुरतंय ते शोधण्यात दिवस जातो: एनएसस्विचमध्ये (कोणती माहिती कुठून घ्यायची ते सांगणारी फाईल) 'सुडोअर्स: फाइल्स एसएसएस' ओळ नाही, किंवा नियमात होस्टचं (मशीनचं) पूर्ण नाव आहे आणि इमेज क्लोन केल्यामुळे मशीन स्वतःला दुसरंच काही समजतंय.

अजिंक्यतारा
अजिबात पटलं नाही. तुमच्या फाईलमध्ये गटाचं नाव आहे ना? तो गट ओळखतो कोण? एसएसएसडीच! तो बंद आणि कॅशे (मशीनवर साठवलेली प्रत) रिकामी असेल तर ती फाईल असून नसल्यासारखी. शिवाय फाईलच्या नावात टिंब आलं तर सुडो ती गुपचूप वगळतो. अन्सिबल चालवताना जो लॅपटॉप बंद होता, त्यावर जुना नियम तसाच राहतो. कोणाला कुठे रूटचा हक्क आहे, हे एका जागी दिसलंच पाहिजे.

कृष्णाकाठ
एका जागी दिसतं, पण लगेच लागू होत नाही. एसएसएसडीचा स्मार्ट रिफ्रेश मुळात १५ मिनिटांनी होतो आणि त्यात फक्त नवे-बदललेले नियम येतात. काढून टाकलेला नियम त्याला कळत नाही. नियमाची ९० मिनिटांची मुदत संपल्यावर कोणी सुडो चालवला तर कळतं, नाहीतर ६ तासांच्या पूर्ण रिफ्रेशला. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे चालेल का?

अजिंक्यतारा
त्यासाठी खातंच बंद करायचं आणि चालू सेशन मारायचं. गटातून काढलं तरी चालू सेशनमध्ये जुना गट टिकतो. हे तुमच्या फाईललाही लागू आहे, दादा.

मिरज जंक्शन
दोघांच्याही आधीची पायरी सुटतेय. वीज गेल्यावर मशीन उठतं, बोर्डावरचा घड्याळ चालवणारा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, घड्याळ मागे पडतं. ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक झाला की कर्बेरॉस (लॉगिन करणाऱ्याची ओळख पटवणारी पद्धत) नकार देऊ शकतो. काही वर्षं मागे गेलं तर सर्व्हरची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्रही 'अजून लागू नाही' ठरतं. मग लोक सुडोच्या नावाने खडे फोडतात. आधी क्रोनीचं (घड्याळ जुळवणारी सेवा) ट्रॅकिंग पाहा. मग 'आयडी' कमांडने माणूस आणि गट येतात का ते बघा. ते आले तरच 'सुडो -एल -यू' (कॅपिटल यू, पुढे माणसाचं नाव) चालवून नियम तपासा. एवढं करूनही नियम दिसला नाही, तर एसएसएसडीच्या सुडो विभागात डीबग पातळी (लॉग किती तपशिलात लिहायचा ते) ९ करा, सेवा पुन्हा सुरू करा आणि एसएसएसडीचा सुडो लॉग वाचा. किती नियम परत आले ते तिथे दिसतं.

अजिंक्यतारा
क्रम मान्य. यात एक भर: प्रत्येक मशीनवर आणीबाणीसाठी एक स्थानिक खातं आणि त्याचा सुडो नियम स्थानिक फाईलमध्ये हवाच. पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा, लखोट्यात सीलबंद. बाकी सगळे नियम सर्व्हरवर.

कृष्णाकाठ
आणीबाणीच्या खात्याबद्दल एकमत. पण ५० मशीनवर जेमतेम तीन-चार नियम असतील, तर त्यासाठी सुडो एसएसएसडीला बांधणं मला आजही अनावश्यक वाटतं. होस्टगणिक हक्क वेगळे असतील तेव्हाच तुमची बाजू जड होते.