कुत्र्यासह कंट्री हाउस हॉटेल: जेवणाच्या तीन तासांत तो कुठे असतो? (अनुभव धागा)

ब्रिटनमधलं कंट्री हाउस हॉटेल म्हणजे जुना जमीनदारी वाडा, भोवती बाग आणि कुरणं, मोजक्या खोल्या, आणि ज्यासाठी मुद्दाम लांबून यावं असं जेवण. या प्रकाराची सुरुवात लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर तळ्याकाठी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या शॅरो बे या हॉटेलापासून मानतात. आज यांतली बरीच हॉटेलं कुत्रे घेतात. मात्र कुत्रा खोलीत चालेल, बैठकीच्या दालनात चालेल, जेवणघरात चालणार नाही आणि खोलीत एकटा ठेवता येणार नाही, असे चारही नियम एकाच ठिकाणी असू शकतात. मग रात्री साडेसात ते साडेदहा त्याचं काय? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि हे नेहमी करणाऱ्या मंडळींनी कृपया लिहावं. किस्से नकोत, नेमकी माहिती हवी.

लॅब्रॅडॉरवाले, सरे

बुकिंग फोनवरच करा आणि आधी रेस्टॉरंटचं टेबल पक्कं करा, मग खोली. अशा हॉटेलांची मुख्य रेस्टॉरंटं बरेचदा सोमवार-मंगळवार बंद असतात. खोली मिळते आणि ज्यासाठी जायचं ते जेवणच हुकतं.

फोनवर विचारायचं ते असं: कुत्रा खोलीत एकटा ठेवता येतो का, किती वेळ, क्रेटची (कुत्र्याला बंद ठेवायच्या पिंजऱ्याची) अट आहे का? बारमध्ये किंवा शेकोटीच्या दालनात कुत्र्यासह बसलं तर तिथे पूर्ण टेस्टिंग मेन्यू (एकामागून एक येणाऱ्या छोट्या थाळ्यांचं ठरलेलं जेवण) मिळतो की फक्त बारचा? हा शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात. शुल्क साधारण रात्रीला २० ते ४० पौंड, तेही बहुधा दर कुत्र्यामागे.

'कायद्याने जेवणघरात कुत्रा आणता येत नाही' असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. अन्न जिथे तयार होतं, हाताळलं किंवा साठवलं जातं तिथे प्राणी नकोत, असा स्वच्छतेचा नियम आहे. जेवणघराचा निर्णय हॉटेलचा स्वतःचा. मदतनीस कुत्र्यांची गोष्ट वेगळी, त्यांना २०१०च्या समानता कायद्याचं संरक्षण आहे.

दोन बीगलवाली, यॉर्कशायर

सगळं वेळापत्रक जेवणाच्या वेळेवरून उलटं मोजायचं. टेबल साडेसातचं असेल तर तीन वाजता खोली ताब्यात घ्या, चार ते साडेपाच लांब फिरवा, पाय आणि पोट कोरडं करा, नेहमीचं खाणं नेहमीच्या मापाने द्या. त्याचं अंथरूण घरचंच आणि न धुतलेलं न्या, ओळखीच्या वासाने तो शांत होतो. सहाच्या सुमारास दहा मिनिटं बाहेर जाऊन दाराशी कान लावा. भुंकतोय का हे जेवताना कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

भुंकण्याची कारणं ठरलेली असतात. जुन्या लाकडी जमिनीवर पावलं वाजतात, आणि संध्याकाळी पलंग आवरायला कर्मचारी आत येतात. ही संध्याकाळची सेवा नको असं स्वागतकक्षात सांगून ठेवा, दारावर पाटीही लावा. अंथरूण दारापासून लांबच्या कोपऱ्यात घाला, रेडिओ हळू लावून ठेवा.

टेस्टिंग मेन्यूला अडीच-तीन तास लागतात. मध्येच उठलात तर पुढची थाळी वाया जाते, कारण तिची वेळ स्वयंपाकघरात मोजलेली असते. म्हणून बसतानाच सांगा की मुख्य पदार्थाआधी कुत्र्याला बघून यायला दहा मिनिटं हवीत. आधी सांगितलं तर आनंदाने थांबतात.

स्पॅनियलवाले, डेव्हन

क्रेटबद्दल एक भर. घरी सवय नसलेल्या कुत्र्याला हॉटेलात पहिल्यांदा क्रेटमध्ये घालू नका. घाबरून तो दात आणि नखं मोडून घेतो, कापडी क्रेट तर फाडून बाहेर येतो. सवयीला काही आठवडे लागतात. ती नसेल तर हॉटेलकडून सांभाळणारी व्यक्ती मिळते का विचारा, नाहीतर रात्रीऐवजी दुपारचं जेवण घ्या. दुपारचा मेन्यू बहुतेक ठिकाणी आटोपशीर आणि स्वस्त असतो, आणि सकाळी दमवलेला कुत्रा त्या वेळी झोपतोच. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला हेच करावं.

खोली शक्यतो तळमजल्यावर, बागेत दार उघडणारी मागा. कुत्र्यांच्या खोल्या अनेकदा मुख्य वाड्यात नसतात, जुन्या तबेल्याच्या इमारतीत असतात. त्यात कमीपणा नाही, उलट रात्री शूला नेणं सोपं जातं. विजेरी मात्र हवी.

प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणारी, केंट

सर्वांत जास्त धोका खोलीतल्या स्वागताच्या ताटात असतो. बेदाण्याचा केक, फळांच्या परडीतली द्राक्षं, रात्री उशाशी ठेवलेलं गडद चॉकलेट. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ली तर चालतील याचं सुरक्षित माप नाही. मॅकाडेमिया हा सुकामेवा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या बिनसाखरेच्या गोळ्याही कुत्र्याला विषारी. पोचल्याबरोबर हे सगळं उंच कपाटात ठेवा.

जेवणातला तुकडा त्याच्यासाठी नेणार असाल तर सॉस नसलेला, बिनमिठाचा मागा. फाइन डाइनिंगच्या सॉसचा पाया बहुधा शॅलट (छोट्या कांद्याचा प्रकार) किंवा कांदा असतो, आणि कांदा, लसूण, लीक यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात, म्हणून 'काल खाल्लं, काही झालं नाही' यावर विसंबू नका. लोणी आणि चरबी जास्त झाली तर स्वादुपिंडाला सूज येते.

बागेत यू या विषारी झाडाची कुंपणं सांभाळा, कापणीनंतर पडलेल्या डहाळ्या विशेष. फॉक्सग्लोव्ह आणि लॅबर्नम ही बागेतली फुलझाडंही विषारी. काही खाल्लंच तर मीठ पाजून उलटी करवू नका, तेच जीवघेणं ठरतं. सरळ डॉक्टरांना फोन करा. जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा नंबर निघण्याआधीच लिहून घ्या, खेड्यात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

शाकाहारी, लेस्टर

शाकाहारी टेस्टिंग मेन्यू किमान दोन दिवस आधी सांगा. अंडं, जिलेटिन, मांसाचा स्टॉक आणि प्राणिज रेनेटचं (वासराच्या पोटातल्या विरजणाचं) चीज चालत नाही, हे चार शब्द वेगवेगळे उच्चारा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं येतंच.

बॉर्डर कोलीवाला, कम्ब्रिया

इंग्लंडमध्ये खुल्या रानात १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवर असलाच पाहिजे. मेंढ्यांजवळ तर बाराही महिने. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी काही परिस्थितीत गोळीही घालू शकतो. पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवा, मायक्रोचिपही सक्तीची आहे.

१ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम. आवाजाला घाबरणारा कुत्रा असेल तर शेजारच्या जमिनीवर त्या दिवशी शिकार आहे का, आणि हॉटेलात लग्न व आतषबाजी आहे का, दोन्ही विचारा. उन्हाळ्यात तळ्यावर निळसर हिरवी साय दिसली तर पाण्यात उतरू देऊ नका. नेच्यांमधून फिरून आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या मधल्या जागा तपासून गोचिडी काढा. गोचीड काढायच्या खास हुकाने फिरवून काढायच्या, चिरडायच्या नाहीत.

प्रश्नाचं उत्तर: भारतातून कुत्रा आणता येईल का?

सुट्टीसाठी नाही. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, ३० दिवसांनी रक्ततपासणी, नमुना दिल्यापासून तीन महिने थांबणं, आणि पोचण्याआधी २४ ते १२० तासांत फीतकृमीचं औषध असा क्रम आहे. शिवाय ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा प्रवाशांच्या केबिनमध्ये बसत नाही.

दोन बीगलवाली, यॉर्कशायर

एक राहिलं. जुन्या वाड्यांतली आगरोधक दारं जड आणि आपोआप मिटणारी असतात. शेपूट आत येईपर्यंत दार हाताने धरा. रात्री दोरी आणि बूट दाराजवळच ठेवा, आगीची घंटा वाजली तर अंधारात शोधत बसावं लागत नाही.