पोट्टे थकले की कोच? (८००/१५०० मीटर धावण्याचा गट, मानकापूर, नागपूर)

ट्रॅक_लेन४: वय १४ ते १७, आठवड्यात सहा दिवस सराव, रोज ८० मिनिटं, रविवारी सुट्टी. महिन्याभरात तिघांच्या वेळा घसरल्या, दांड्या वाढल्या. कोच आधी फार कडक होते. आता 'तुम्हीच ठरवा' म्हणतात आणि कडेला बसून राहतात. पालकांच्या मते पोट्टे आळशी झालेत. लोड (सरावाचा ताण) कमी करायचा की शिस्त वाढवायची?

फिजिओ_धरमपेठ: आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड. धावणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं नेहमीचं, आणि त्यालाच लोक आळस म्हणतात.

मग लोड मोजा. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, ० ते १० मध्ये किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. ८० मिनिटं आणि ५ म्हणजे ४००. तुमचा आठवडा सहा वेळा ४०० आणि एक शून्य, एकूण २४००. रोजची सरासरी भागिले प्रमाण विचलन (रोजचे आकडे सरासरीपासून किती लांब जातात ते) केलं की एकसुरीपणा निघतो, तुमचा २.२७. दोनच्या वर गेला की सावध व्हायचं. आता तेच २४०० असे वाटा: सोम २००, मंगळ ६००, बुध २००, गुरू ६००, शुक्र ३००, शनि ५००. आकडा दीडवर येतो. एकूण काम तेवढंच, पण हलके दिवस खरोखर हलके होतात. मे महिन्यात ऊन ४४–४५ अंशांवर असताना त्याच सरावाला मुलं ५ ऐवजी ७ सांगतील. तो बहाणा नाही, शरीरावर खरंच तेवढा ताण पडतो.

जुना_पीटी: लोडचं पटलं, पण मला कोचचं 'तुम्हीच ठरवा' जास्त खटकतं. प्राइस आणि वाइस यांनी २००० साली मुलींच्या फुटबॉल संघांवर अभ्यास केला होता. भावनिकदृष्ट्या थकलेले कोच खेळाडूंना कमी हुकूमशाही आणि जास्त लोकशाहीवादी वाटले, पण शिकवणं आणि आधार मात्र कमी झाला होता. म्हणजे कडकपणा गेला म्हणून खूश व्हायचं कारण नाही, भाऊ. कोचने अंग काढून घेतलंय.

खरी मोकळीक चौकटीत असते. ६×४०० (म्हणजे ४०० मीटर सहा वेळा), ४×६०० किंवा ३×८००, यातलं काय घ्यायचं ते मुलांनी निवडावं. तिन्हीत अंतर २४०० मीटरच, विश्रांती आणि वेग कोच सांगेल. उशिरा आला म्हणून चार फेऱ्या मारायला लावणं आजच बंद करा. ज्याची आवड लावायची तीच शिक्षा केली तर मन उडणारच. चूक सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन सांगा, आणि एका वेळी एकच.

ट्रॅक_लेन४: मुलं आकडा खरा सांगतील काय? कोचसमोर सगळेच '४' म्हणतात.

फिजिओ_धरमपेठ: समोर विचारूच नका. चिठ्ठी घ्या किंवा व्हॉट्सॲपवर खाजगीत मागवा, ग्रुपवर नको. त्या आकड्यावरून एकदा जरी संघाची निवड केली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे ३ लिहितील. दोन आठवडे लोड निम्मा करून बघा. वेळा सुधारल्या तर तो शरीराचा थकवा होता. पाय मोकळे झाले तरी मैदानावर यावंसं वाटत नसेल, तर बर्नआउटचा, म्हणजे खेळावरूनच मन उडाल्याचा, संशय धरा. तेव्हा नुसती विश्रांती पुरत नाही, वागणूकही बदलावी लागते.

जुना_पीटी: कोचचंही बघा. पहाटे साडेपाचची बॅच, संध्याकाळची बॅच आणि रात्री अकरापर्यंत पालकांचे फोन, असं असेल तर तो माणूस वर्षभर टिकत नाही. फोन फक्त ७ ते ८, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सहायकाकडे. ती मात्र गुरुवारची जड बॅच नको, शुक्रवारची द्या.