शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बीएस-६ पिकअपचे ॲव्हरेज आणि डीपीएफचे रिजनरेशन

गोदाकाठ
नमस्कार. माझी बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण मानकाची) डिझेल पिकअप नाशिकमध्ये पहाटे दुधाचे क्रेट पोहोचवण्याच्या कामी असते. पंचवटी ते सातपूर या पट्ट्यात पावलोपावली थांबे असल्याने गाडी क्वचितच वरच्या गिअरमध्ये जाते. पूर्वी लिटरला १३ किलोमीटर मिळत. आता जेमतेम ११ मिळतात आणि डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा वरचेवर लागतो. एका गॅरेजवाल्याच्या मते त्या फिल्टरची आतली जाळी काढून ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) प्रोग्राम बदलला की कटकट कायमची मिटेल. तसे करावे का? आणि रिजनरेशनला, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून तो मोकळा करायला, खरोखर इतके डिझेल लागते का?

डिझेलमिस्त्री
फिल्टरमधली काजळी नुसत्या उष्णतेने जाळायची तर सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर भरलेली गाडी सलग चालली, तर धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे बरीचशी काजळी त्याहून कमी तापमानालाच आपोआप जळून जाते. आपल्या फेरीत मात्र एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. म्हणून ईसीयू सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल सोडतो, ते पुढे एक्झॉस्टमधल्या कॅटलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जळते आणि त्या उष्णतेने फिल्टर तापतो. हे डिझेल गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. त्यातच आपण पुढच्या दुकानापाशी इंजिन बंद केले की प्रक्रिया अर्धवट तुटते, फिल्टर थंड होतो आणि पुढच्या वेळी तो तापवण्यासाठी पुन्हा डिझेल खर्ची पडते.

तरीही सगळी घट डीपीएफच्या माथी मारू नये. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किंवा चोंदलेला एअर फिल्टर असेल तर काजळीच जास्त तयार होते, आणि मग वरचेवर लागणारा दिवा हा मूळ बिघाडाचा परिणाम असतो. स्कॅनर लावून दोन रिजनरेशनमधले अंतर आधी पाहावे. ॲव्हरेजही एका टाकीवर न ठरवता, ओळीने चार-पाच वेळा टाकी फुल करून काढावे.

घाटवाट
रिजनरेशन चालू असल्याचे चालकाला ओळखता येते: उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा चढा राहतो, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो आणि तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी चावी फिरवून इंजिन बंद करू नये. दिवा लागला असेल तर माल उतरवून झाल्यावर आडगावमार्गे ओझरच्या दिशेने महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम २००० च्या वर राहील अशी सलग गाडी चालवावी. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचाही दिवा लागला असेल, तर हा प्रयोग न करता थेट सर्व्हिस सेंटर गाठावे. रिजनरेशन चालू असताना वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका. पेट घेण्याचा धोका खरा आहे.

गोदाकाठ
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. आज डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आले आहे, आणि मधल्या काळात कोणीही ऑइल घातलेले नाही. युरियाचे द्रावण भरल्याने दिवा जाईल का?

डिझेलमिस्त्री
नाही. ते द्रावण नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असते. काजळीशी त्याचा संबंध नाही. ऑइल वाढले आहे ते बहुधा डिझेलमुळे. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमधले न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगची झीज वाढते. गाडी तशीच पळवू नका, ऑइल आधी बदला. नवे ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचेच घ्या, कारण काजळी जळून जाते, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची साचते.

जाळी काढण्याबद्दल: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. शिवाय थांब्यावर इंजिन चालू ठेवून क्रेट उतरवताना आपली माणसे सायलेन्सरच्या शेजारीच उभी असतात. फिल्टर काढल्यावर ती सगळी काजळी रोज त्यांच्याच छातीत जाईल. कृपा करून तो काढू नका.