आजोबांचा सॅक्सोफोन: पूर्ण दुरुस्त करावा की आहे तसा ठेवावा?

जांबोटी_रोड: घरात वारशाने ऑल्टो सॅक्सोफोन आलाय. चांदीचा मुलामा काळा पडलाय, पॅड (भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या) कडक लाकडासारखे झालेत, दोन स्प्रिंगा तुटल्यात, खालच्या वळणाला पोचा आहे. धाकट्या भावाला ओव्हरहॉल करून गणपतीच्या बँडमध्ये वाजवायचाय. आई म्हणते, हात लावू नका. काय करावं?

टिळकवाडी_ऑल्टो: करून घ्या की ओ! पॅड साधारण पंचवीस लागतील, पण एकच संच आणून चालत नाही. प्रत्येक चावीची वाटी (पॅड बसतो ती) व्हर्नियरने मोजा, अर्ध्या मिलिमीटरने फरक पडतो. जुन्या वाट्या बहुधा उथळ असतात. आजचे जाड पॅड बसवले तर बिजागरीकडची बाजू आधी टेकते आणि पुढून हवा सुटते. म्हणून पातळ पॅड घ्या, लाखेवर बसवा आणि वाटी गरम करून सारखे करा. मग अंधाऱ्या खोलीत आत एलईडीची माळ सोडून उजेड कुठून येतो ते वरून खाली बघत या. सगळ्यात खालचा स्वर, बी फ्लॅट, वाजत नसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्याच एखाद्या पॅडचा असतो.

निपाणी_पितळ: मी विरोधात. ‘ओव्हरहॉल’ म्हटलं की कारागीर आधी बफिंग व्हील, म्हणजे घासून चकाकी आणायचं चाक, काढतो. चांदीचा थर पातळच असतो. घासला की नक्षी पुसट होते आणि भोकांच्या कडा झिजतात. काळेपणा हा दोष नव्हेच, त्याने सुरात काही बिघडत नाही. पोचा काढायला तांबटाकडे तर अजिबात देऊ नका. वळणाजवळची भोकं वाकली की पॅड कधीच नीट बसत नाही. आणि नेकवर, वरच्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत का ते बघा. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं, उरतं ते सच्छिद्र तांबं. त्यावर ठिगळच लागतं.

अथणी_काळी_दोन: दोघेही थांबा. आधी सूर कोणता ते कळायला हवं. मागे नंबराजवळ इंग्रजी ‘एल’ (लो, आजच्यासारखा सूर) किंवा ‘एच’ (हाय, चढा सूर) कोरलंय का? ब्रिटिश लष्करी बँडचा सूर 1920च्या दशकाच्या शेवटापर्यंत चढा होता. अमेरिकन कारखानेही तेव्हा दोन्ही तऱ्हेचे सॅक्सोफोन काढत. चढ्या सुरात ‘ए’ आजच्या 440 हर्ट्झऐवजी साधारण 452 ते 457.

जांबोटी_रोड: नंबराखाली ‘एच’ आहे.

अथणी_काळी_दोन: मग बँडचा विषय संपला. ऑल्टोचा ‘सी’ धरला की पेटीवरची काळी दोन वाजायला हवी. हा काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी वाजणार. माउथपीस बाहेर ओढून जुळत नाही, कारण सगळी भोकं आखूड नळीच्या हिशोबाने पाडलेली असतात. ओढलं की वरचे स्वर खालच्यापेक्षा जास्त उतरतात, सप्तकच बिघडतं. मिरवणुकीत ट्रम्पेट, क्लॅरिनेटबरोबर कसा चालणार?

टिळकवाडी_ऑल्टो: बँडपुरतं मान्य. पण एकट्याने वाजवायला काय अडचण? मोबाइलवरचा तानपुरा हव्या त्या सुरावर लावता येतो. कद्री गोपालनाथांनी ऑल्टोवरच कर्नाटक संगीत वाजवलं, ते बँडच्या सुराने थोडंच! वाद्य वाजलं नाही तर ते नुसतं पितळ.

निपाणी_पितळ: वाजवा, पण पुन्हा पूर्ववत करता येईल असंच काम करा. चाव्या काढताना प्रत्येक रॉड (चाव्या ज्यावर फिरतात ती सळई) क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. अडकलेल्या स्क्रूला दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर सोडा, मगच बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर लावा, नाहीतर खाच फुटते. अंग कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, भांड्यांची पावडर नको. स्प्रिंगा निळ्या पोलादाच्या, जुन्याच जाडीच्या. नेकचा कॉर्क नवा. पोचा आहे तसा ठेवा. एवढंच.

टिळकवाडी_ऑल्टो: पॅड?

निपाणी_पितळ: घाला. पॅड लाखेवर असतात, उद्या निघतात. बफिंगचं पुसलेलं परत येत नाही, त्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

अथणी_काळी_दोन: एक राहिलं. जुना माउथपीस एबोनाइटचा (कडक रबराचा) असेल आणि हिरवट-तपकिरी झाला असेल, तर गरम पाण्यात बुडवू नका, रंग आणखी बिघडतो. आणि जांबोटीच्या पावसात त्या बुरशीच्या पेटीत वाद्य परत ठेवू नका. नवी पेटी, आत सिलिका जेल, आणि वाजवून झाल्यावर आतून कापड फिरवायचं, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात जी शार्पचा पॅड चिकटलाच म्हणून समजा.

जांबोटी_रोड: गुलाबी ठिपके नेकवर दोन दिसले. उद्या आतून उजेड टाकून बघतो आणि इथे सांगतो.